जुनी अझेलिया उन्हाच्या जागी हलवताना रुंद खणा, खोल नको

सावलीत वाढलेल्या अझेलिया या फुलझुडपाला फुले कमी येऊ लागली आणि फांद्या उजेडाकडे लांबत चालल्या, की जागा बदलायची वेळ झाली असे समजा. झाड दहा वर्षांचे असले तरी घाबरू नका. अझेलियाला खोल जाणारे सोटमूळ नसते. केसासारखी बारीक मुळे वरच्या फूटभर मातीतच चटईसारखी विणलेली असतात.

उन्हाचा ताप उतरून हवेत गारवा आला, पण जमिनीत ऊब आहे, तो काळ उत्तम. तो हुकला तर थंडी सरताना, पालवी फुटण्याआधी हलवा. भर उन्हाळ्यात हात लावू नका.

आधी नवी जागा पारखा. सकाळचे चार ते सहा तास ऊन आणि दुपारी सावली, एवढेच झाडाला हवे. दिवसभराच्या उन्हात पाने करपतात, शिवाय पानांमागून रस शोषणाऱ्या ढेकणासारख्या बारीक किडींचा त्रास वाढतो. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ४.५ ते ६ असावा. चुन्याच्या भिंतीलगत लावू नका आणि वाफ्यात राख टाकू नका, नाहीतर पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी साचणारी जागा तर नकोच, तिथे मुळे कुजतात.

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या. झाडाचा पसारा तीन फूट असेल तर निदान दोन फूट रुंद आणि फूटभर जाड गड्डा, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, काढा. कडेने गोल खणून फावडे आडवे खाली सारा, मग गोणपाट सरकवा आणि दोघांनी मिळून उचला. खोड धरून ओढले की गड्डा फुटतो, आणि तुटलेल्या तंतुमुळांची भरपाई व्हायला झाडाला बराच काळ लागतो.

नवा खड्डा गड्ड्याच्या दुप्पट रुंद, पण खोलीला थोडा कमीच घ्या. गड्डा जमिनीपेक्षा दोन बोटे वर राहिला पाहिजे. खोल लावल्याने दगावलेली झाडे फार, म्हणून हे पुन्हा मोजून बघा. वर पालापाचोळ्याचे तीन-चार बोटे आच्छादन करा, खोडाभोवती मात्र वीतभर जागा मोकळी सोडा. लागणीच्या वेळी रासायनिक खत देऊ नका.

पाणी देताना एक फसगत होते. भोवतालची माती ओली दिसते आणि गड्डा आतून कोरडाच असतो. बोट गड्ड्यातच खुपसून बघा, कोरडे लागले की बुंध्याजवळ हळूहळू पाणी सोडा. पहिले वर्षभर हे सांभाळा. सावलीला सरावलेल्या पानांवर पहिले दोन-तीन आठवडे शेडनेट धरा.

पुढच्या बहराच्या कळ्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात, त्यामुळे छाटणी फुले ओसरल्यावर लगेच करा, नंतर नाही. छाटलेल्या फांद्या गुराशेळ्यांपुढे मात्र टाकू नका, अझेलियाचा पाला विषारी असतो.