बायोस अपडेट करायचं का? आधी हे बघा

बायोस म्हणजे पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं, मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर. त्याचं नवं व्हर्जन आलं की हात शिवशिवतात. पण पीसी ठणठणीत चालत असेल तर ‘नवं आहे’ एवढं कारण पुरत नाही.

१. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस व्हर्जन/डेट’ ही ओळ टिपून घ्या.

२. मदरबोर्ड कंपनीच्या सपोर्ट पानावर नेमकं तुमचंच मॉडेल आणि रिव्हिजन (त्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती) काढा. आपल्या व्हर्जननंतरच्या सगळ्या नोंदी वाचा, नुसती शेवटची नको.

३. नव्या प्रोसेसरचा सपोर्ट, सुरक्षेची त्रुटी किंवा तुम्हाला छळणारी अडचण त्यात दिसली तरच करा. एएमडीच्या प्रोसेसरसाठीच्या जुन्या बी४५० बोर्डावर नवा रायझन ५६०० प्रोसेसर बसवायचा असेल, तर जुना प्रोसेसर काढण्याआधीच अपडेट उरका. इंटेलचा १३व्या-१४व्या पिढीचा डेस्कटॉप आय७ किंवा आय९ असेल आणि बायोस सप्टेंबर २०२४ च्या आधीचं असेल, तर मात्र चालढकल नको: जादा व्होल्टेजने ते प्रोसेसर कायमचे बिघडत होते. नुसतं ‘स्टॅबिलिटी सुधारली’ असेल तर मी सोडून देतो. ‘बीटा’, म्हणजे अजून चाचणीत असलेलं व्हर्जन, तर नकोच.

बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. अपडेटनंतर पीसी ती मागू शकतो. आणि लाइट जाण्याची शक्यता असेल तेव्हा यूपीएसशिवाय हात लावू नका.