सद्गुणांचं तत्त्वज्ञान : नाशिकहून पीएच.डी.कडे जाताना

तत्त्वज्ञानात बी.ए. झालं की बहुतेक जण थेट नेटची (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची) गाइडं उघडतात. त्याआधी ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे (‘निकोमेकियन एथिक्स’) दुसरा, तिसरा, सहावा आणि सातवा हे खंड सावकाश वाचा. सद्गुण सवयीने अंगी बाणतो, तरी कळूनसवरून केलेली निवड त्यात असावी लागते. हे स्वतःच्या शब्दांत वहीत उतरेपर्यंत पुढे सरकू नका.

नंतर माणसं प्रत्यक्षात कशी वागतात हे तपासणाऱ्या मानसशास्त्रातल्या प्रयोगांकडे वळा. खरी घसरण तिथेच होते. डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली छापलेल्या प्रयोगात धर्मशास्त्राचे 40 विद्यार्थी शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला निघाले होते. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. घाई नसलेल्यांपैकी 63 टक्क्यांनी मदत केली, फार घाईतल्यांपैकी 10 टक्क्यांनी. यावरून जॉन डोरिससारख्या तत्त्वज्ञांनी पक्क्या स्वभावगुणांच्या कल्पनेवरच शंका घेतली. विद्यार्थी हा निष्कर्ष जसाच्या तसा उतरवतात. मूळ लेख वाचला तर दिसतं की तो 10 टक्के म्हणजे दहांतला एक जण. शिवाय घाईतले काही जण पोचले तेव्हा अस्वस्थ होते, म्हणजे निर्दयपणाऐवजी दोन कर्तव्यांची ओढाताणही असू शकते. एका कृतीवरून स्वभाव मोजता येतो का, हा प्रश्न उरतोच. फोन बूथमध्ये नाणं सापडलेले लोक इतरांना जास्त मदत करतात, असं सांगणारा 1972 चा प्रयोग तर पुढे इतरांनी करून पाहिला तेव्हा टिकला नाही. म्हणून कुठलाही प्रयोग वापरण्याआधी त्याची पुनरावृत्ती झाली का, ते शोधा. प्राथमिक संख्याशास्त्र शिकणं टाळू नका.

एम.ए.साठी पुणे विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग जवळचा. नेटमध्ये दोन पेपर, 150 प्रश्न, 300 गुण, तीन तास. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. राज्यापुरती सेट ही तशीच पात्रता परीक्षा आहेच. मराठी संज्ञा अडल्या तर वाडेकरांचा तत्त्वज्ञान महाकोश चाळा. तो मिळतो का, याची सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) आधी चौकशी करा.

‘सद्गुण आणि आजचा समाज’ असला ऐसपैस विषय घेऊन मार्गदर्शकाकडे जाऊ नका. सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडावर एकच स्वयंसेवक निवांत असताना आणि धावपळीत कसा वागतो, हे पाहून त्याच्या करुणेबद्दल काय म्हणता येईल? इतका अरुंद प्रश्न हवा. माणसांवर अभ्यास करायचा तर संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी पहिली मुलाखत घेण्याआधीच काढा. नंतर धावाधाव करून ती मिळत नाही आणि जमवलेली माहिती वापरता येत नाही.