ग्रहाच्या अंतरंगाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा अर्धा कापलेला पृथ्वीगोल हमखास असतो. बाहेरून निळा-हिरवा, आतून भडक केशरी. दिसतो झकास, पण परीक्षकांनी दोन प्रश्न जास्त विचारले की पंचाईत होते. आणि बहुतेक गोंधळ त्या केशरी रंगातच असतो.

प्रावरण म्हणजे उकळता लाव्हा नव्हे. भूकवचाखालून सुमारे 2,900 किमी खोलीपर्यंत पसरलेला हा थर घन खडकाचा आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र जातात. हिमनदीतला बर्फ घन असूनही सरकतो, तसा हा खडकही वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो. मग लाव्हा येतो कुठून? तप्त खडक वर सरकताना त्यावरचा दाब कमी होतो आणि त्याचा थोडा अंश वितळतो. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वर आला तो असाच. तेव्हा तक्त्यावर ‘लाव्हा गाभ्यातून येतो’ असं लिहिलं असेल तर आधी ते खोडा. वरच्या प्रावरणात ऑलिव्हीन हे हिरवट खनिज भरपूर असतं. त्या भागाला मळकट हिरवा रंग द्या. परीक्षक ‘हिरवा का?’ विचारतील. विचारू देत!

मापातही घोळ होतो. गोलाची त्रिज्या 10 सेंमी घेतली, तर खंडांखालचं कवच जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतं. बोटभर जाड कवच कापून चिकटवू नका, रंगाचा हात पुरे. गाभ्याची त्रिज्या येते साडेपाच सेंमी, त्यातला अंतर्गाभा दोन सेंमीला थोडा कमी.

गाभ्यात पट्टीचुंबक खोचणारेही भेटतात. लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्याचं कायमचं चुंबकत्व जातं, आणि गाभ्याचं तापमान हजारो अंशांत आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते बाह्यगाभ्यातल्या द्रव लोखंडाच्या प्रवाहांमुळे. अंतर्गाभा त्याहून तप्त, तरी घन. कारण केंद्राशी दाब वातावरणाच्या 35 लाख पटींहून अधिक आहे. हा अंतर्गाभा इंगे लेमान या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंनी 1936 मध्ये भूकंपलहरींवरून ओळखला. त्यांचं नाव तक्त्यावर हवंच.

‘मंगळाचा गाभा थिजला म्हणून त्याचं चुंबकीय क्षेत्र गेलं’ हे वाक्य तर पाठ करूनच येतात मुलं. 2018 मध्ये उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने मंगळाचा गाभा बराचसा द्रव असल्याचं दाखवलं. नुसता द्रव गाभा पुरत नाही. त्यातून पुरेशी उष्णता बाहेर पडून प्रवाह खेळते राहावे लागतात.

पृथ्वीचाच साचा सगळ्या ग्रहांना लावू नका. बुधाचा गोल करायचा तर 10 सेंमीत आठ सेंमीहून जास्त गाभाच जाईल. गुरूच्या गोलात मधोमध टणक गोटी नको. जूनो यानाच्या गुरुत्वमापनानुसार तिथला गाभा विरळ आणि पसरट आहे, जड मूलद्रव्यं हायड्रोजनमध्ये मिसळलेली. म्हणून तिथे कंपासने रेघ मारू नका, दोन रंग ओले असतानाच एकमेकांत पुसा.