रेंजची कॉर्ड: आधी भिंत बघा, मग दुकानात जा

अमेरिकेत जुनं घर घेतलं की कधी ना कधी इलेक्ट्रिक रेंज बदलायची वेळ येते. रेंज म्हणजे वर शेगड्या आणि खाली ओव्हन असं एकच यंत्र. भारतातून नुकत्याच आलेल्यांना ठाऊक नसतं की नव्या रेंजला बहुधा वायरच नसते. कपडे वाळवायच्या ड्रायरचंही तेच. कॉर्ड वेगळी घ्यावी लागते, कारण भिंतीतलं सॉकेट सगळ्या घरांत सारखं नसतं.

म्हणून पैसे भरण्याआधी जुनी रेंज पुढे ओढा आणि मागच्या सॉकेटचा फोटो काढा. दोन खाचा तिरक्या आणि एक सरळ दिसली तर ते १०-५० प्रकारचं, तीन पिनांचं. तीन खाचा उभ्या आणि चौथं भोक गोलसर असेल तर १४-५०, चार पिनांचं. एखादी खाच काटकोनात वळलेली दिसली तर ते ३० अँपिअरचं, ड्रायरसाठीचं. रेंजला ते चालत नाही. १९९६च्या राष्ट्रीय विद्युत नियमावलीपासून नव्या वायरिंगला चार तारा लागतात. त्याआधीच्या घरांत तीनच सापडतात आणि त्या वापरायला सहसा परवानगी असते. फोटो दाखवला की दुकानदार योग्य कॉर्ड देतो.

खरी काळजी घ्यायची ती यापुढे. इथल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट असतात. रेंजला फेजच्या दोन तारा येतात आणि त्या दोघींमध्ये २४० व्होल्ट मिळतात. ओव्हनची कॉइल २४०वर तापते, पण आतला दिवा, घड्याळ अशा गोष्टी बहुतेक रेंजमध्ये १२०वर चालतात. त्यासाठी न्यूट्रल हवी. तीन पिनांच्या जोडणीत अर्थिंगची वेगळी तार नसते, म्हणून रेंजची धातूची बॉडी न्यूट्रललाच जोडलेली असते. मागचं झाकण काढलं की मधल्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत जाणारी एक छोटी पट्टी किंवा तार दिसते, ती याचसाठी.

कॉर्ड चार पिनांची असेल तर ही पट्टी सोडवायची आणि हिरवी तार बॉडीला लावायची. तीन पिनांची असेल तर पट्टी जागेवरच हवी. चार पिनांची कॉर्ड लावून पट्टी तशीच ठेवली तरी ओव्हन छान तापतो, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. पण न्यूट्रलचा करंट बॉडीतून आणि अर्थिंगमधूनही वाहू लागतो, आणि चौथी तार आणण्याचा हेतूच संपतो. डिलिव्हरीवाले कॉर्ड जोडून देत असतील तर झाकण लावायच्या आधी पट्टीबद्दल जरूर विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काहीच नाही.

स्वतः जोडणार असाल तर पॅनेलमधला ४० किंवा ५० अँपिअरचा जोडब्रेकर बंद करा आणि टेस्टरने खात्री करून घ्या. पांढरी तार मध्ये, काळी आणि लाल दोन्ही बाजूंना. स्क्रू घट्ट आवळा. सैल राहिले तर टर्मिनल तापून जळतं. कॉर्ड आत शिरते तिथला क्लॅम्पही विसरू नका.

कॉर्ड जुळत नाही म्हणून भिंतीतलं सॉकेट मात्र बदलू नका. तीन तारांवर चार पिनांचं सॉकेट बसवलं तर अर्थिंगच्या भोकामागे अर्थिंग नसतेच. चार तारा हव्याच असतील तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून पॅनेलपासून नवी केबल ओढून घ्या. मागे फक्त गॅसचा पाइप आणि साधं सॉकेट असेल तर इलेक्ट्रिक रेंजसाठीही हाच खर्च धरून चला. भाड्याच्या घरात यातल्या कशालाही हात लावू नका, मालकाला किंवा ऑफिसला कळवा.

पुण्याहून ओटीजी आणायचा विचार असेल तर सोडून द्या. २३० व्होल्टचा ओव्हन १२०वर जेमतेम पाव उष्णता देतो. नानकटाई कच्चीच राहील.

आणि रेंज मागे सरकवताना खोक्यातला लोखंडी ब्रॅकेट भिंतीला किंवा जमिनीला ठोकून मागचा पाय त्यात अडकवा. ओव्हनच्या उघड्या दारावर मूल चढलं तर अख्खी रेंज पुढे कलंडू शकते.