मागून येणारा ठोका आणि डिफरन्शियलचे बुश

क्लच सोडताना मागच्या सीटखालून एक 'ठक्', आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की दुसरा. आमच्या जुन्या सेडानमध्ये हा आवाज सुरू झाला तेव्हा मी आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे वळणारे सांधे, बदलले. आवाज तसाच राहिला. मग गाडीखाली शिरून डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, थोडक्यात डिफ) आणि सबफ्रेम (ती पेटी जिला टांगलेली असते ती लोखंडी चौकट) यांच्यामध्ये पहार घालून हलकेच उचकलं, तर डिफ चांगला बोटभर वर उचलला गेला आणि सोडताच लोखंडावर आपटला. या दोघांमध्ये बुश असतो, म्हणजे बाहेर धातूचं कवच, मधे नळी आणि दोन्हींच्या मधे रबर. त्या बुशाचं रबर आतल्या नळीपासून सुटलं होतं.

हे सगळं ज्या गाडीत डिफरन्शियल सबफ्रेमला बोल्टने टांगलेला असतो, म्हणजे मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे हलतात, तिच्यासाठी आहे. मागे अखंड हाउसिंगचा ॲक्सल असेल तर हे बुश नसतातच.

तपासताना थोडी हालचाल दिसली म्हणून घाबरू नका. रबर दबणारच, त्याचसाठी ते बसवलेलं असतं. लोखंडाचा लोखंडावर आवाज येतो का, रबराला आरपार चीर आहे का, ते बघा. काही गाड्यांचे बुश आतून द्रवाने भरलेले असतात, त्यांच्यावर ओला काळा ओघळ दिसला की ते गेले. इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंटही याच वेळी बघून घ्या, कारण ते गेले तरी आवाज जवळपास असाच येतो.

आता सुरक्षेचं, आणि इथे मी हात जोडून सांगतो. मागची चाकं वर उचलली की बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक निरुपयोगी होतो, कारण तो मागच्याच चाकांना धरतो. प्रोपेलर शाफ्ट काढला की गिअरही गाडीला धरून ठेवत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी सपाट पक्क्या जमिनीवर घ्या आणि मागे दोन मजबूत घोड्या (गाडीला खालून टेकू देणारे स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी एक्झॉस्टचा मागचा भाग सोडवून टांगून ठेवा. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर (टोकाच्या, बोल्टने जोडायच्या चकतीवर) आणि डिफच्या फ्लँजवर रंगाची एकच रेघ ओढा, म्हणजे परत जोडताना शाफ्ट होता त्याच जागी बसेल आणि नवी थरथर सुरू होणार नाही. दोन्ही बाजूंचे, चाकांकडे जाणारे ॲक्सल शाफ्ट सोडवल्यावर तारेने वर बांधा. लोंबकळत राहिले तर जॉइंटवर ताण येतो आणि बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटतो. डिफवरची ब्रीदर (हवा जाण्या-येण्याची) नळी, असल्यास सेन्सरची वायर, आधी सोडवा. डिफ दिसायला लहान वाटला तरी 30 किलो सहज भरतो. त्याखाली जॅक लावा, पट्ट्याने बांधा आणि उतरवताना दुसरं माणूस सोबत घ्या.

जुना बुश काढण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवा. एक, तो सबफ्रेमच्या भोकात किती खोल बसलाय. दुसरी, त्यातल्या रबराच्या पोकळ जागा कोणत्या दिशेला आहेत. पहिल्या वेळी मी दिशा नोंदवली नव्हती. नवा बुश पाव फेरा फिरून बसला आणि तो कोरा बुश पुन्हा ओढून काढावा लागला. रबर कुठे मऊ आणि कुठे कडक असावं हे त्या पोकळ्या ठरवतात, म्हणून आता मी सबफ्रेमवरच खडूने खूण करतो आणि फोटोही काढतो.

काढण्यासाठी हातोडा नको. उच्च ताकदीचा एम 14 चा आट्यांचा दांडा, दोन नट, जाड वॉशर, बुशाच्या बाहेरच्या कवचापेक्षा किंचित लहान चकती आणि पलीकडच्या बाजूला त्याहून मोठ्या व्यासाचा पाइपाचा तुकडा, एवढ्यात चांगला पुलर (बुश ओढून काढायचं अवजार) तयार होतो. आट्यांना भरपूर ग्रीस लावा. बुशाला एका बाजूला कड असेल तर तो त्या कडेच्याच बाजूने बाहेर येईल, दुसरीकडे कितीही ओढलं तरी नाही. पुलर हट्टाला पेटला तर मधलं रबर ड्रिलने पोखरून काढा आणि हॅकसॉचं पातं आत घालून कवचाला लांबीत एक चीर पाडा. दर दहा-बारा फेऱ्यांनी थांबून बघा. कवच तुटलं की बास, सबफ्रेमच्या धातूला ओरखडा गेला तर तिथूनच पुढे तडा जाऊ शकतो. मग बारीक छिन्नीने कवच आत दुमडलं की ते सैल होऊन निघतं. रबर जाळून काढायची पद्धत मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका. धूर विषारी असतो आणि पेट्रोलची टाकी हातभरावर असते.

भोक वायर ब्रशने साफ करा, पण घासून मोठं करू नका. बुश तिथे घट्ट बसण्यावरच टिकतो.

नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला की किंचित आकसतो. कवचाला साबणाचं पाणी लावा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगून खराब होतं. दाब फक्त बाहेरच्या कवचावर द्या, मधल्या नळीवर दिला तर रबर बसण्याआधीच फाटतं. पहिले काही मिलिमीटर फार सावकाश. तिरका चाललाय असं वाटताच मागे घ्या आणि पुन्हा सरळ धरा.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का? टिकाऊ असतात, डिफ घट्ट धरतात, पण गिअरची घरघर सरळ केबिनमध्ये येते. रोजच्या गाडीला मी रबरच बसवतो.

डिफ चढवताना सगळे बोल्ट आधी हातानेच चार-चार आटे फिरवा आणि मग आळीपाळीने घट्ट करा. एकच बोल्ट पूर्ण आवळून टाकला तर बाकीचे बुश कायमचे पिळलेले राहतात. शेवटचा टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा ते माप) तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. मॅन्युअलने एकदाच वापरायचे म्हटलेले बोल्ट नवे घाला.

तेलही बदलायचं असेल तर आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो ना ते बघा. तो अडकलेला असताना खालचा उघडला तर रिकामा डिफ घेऊन बसाल. गाडी सपाट उभी असताना तेल भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं.

मोकळ्या जागी सावकाश पुढे-मागे घेऊन ऐका. शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा खाली जाऊन बोल्टांवर पाना लावून बघा आणि बुशाचं कवच भोकातून सरकलंय का, आधी लिहून ठेवलेल्या मापाशी ताडून पाहा.