लिव्हिंग विलमध्ये अन्नाच्या नळीबद्दल काय लिहायचं, कसं लिहायचं

लिव्हिंग विल म्हणजे आपल्याला स्वतः सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. व्हेंटिलेटरबद्दल बऱ्याच घरांत शेवटी एकमत होतं. भांडण होतं ते नळीवरून. मशीन बंद केलं तर 'सुटला बिचारा' म्हणणारीच माणसं नळी काढली की 'उपाशी मारलं' म्हणतात. म्हणून 'कृत्रिम जीवनरक्षक उपचार नकोत' ही एक ओळ लिहून थांबू नका. नळीसाठी स्वतंत्र परिच्छेद हवाच.

लेखी काही नसलं की काय होतं ते फ्लोरिडातल्या टेरी शायव्हो प्रकरणात दिसलं. 1990 मध्ये हृदय बंद पडून तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. तिला असं जगायचं नव्हतं, असं नवऱ्याचं म्हणणं. ती आम्हाला प्रतिसाद देते, असं आईवडिलांचं. 2001 मध्ये नळी बंद केली आणि दोन दिवसांत पुन्हा सुरू केली. 2003 मध्ये पुन्हा काढली, तर सहाव्या दिवशी राज्याच्या विधिमंडळाने खास कायदा करून ती परत घालायला लावली. 18 मार्च 2005 ला ती तिसऱ्यांदा काढल्यावर थेट अमेरिकेच्या संसदेने त्यात हस्तक्षेप केला. 31 मार्चला टेरी गेली. तिने सही केलेला एक कागद असता तर यातलं बरंचसं टळलं असतं.

आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक वर्षं बेशुद्धावस्थेसारख्या स्थितीत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना बरीच वर्षं तोंडानेच मऊ अन्न भरवलं जात होतं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं मानलं आणि अन्न थांबवायला परवानगी दिली नाही. तुमच्या बाबतीत कोणाचं म्हणणं मानायचं, हे तुम्ही लिहून ठेवलं नाही तर दुसरं कोणीतरी ठरवणार.

आता कागदाकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालाने लिव्हिंग विलला मान्यता मिळाली आणि 24 जानेवारी 2023 ला अटी सोप्या झाल्या. वय 18 पूर्ण आणि डोकं शाबूत असताना, कोणाच्या दबावाशिवाय लिहायचं. दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आधी मॅजिस्ट्रेटची प्रतिस्वाक्षरी लागायची, ती आता लागत नाही. साक्षीदार म्हणून मुलगा, सून किंवा वारस घेऊ नका. शेजारी, जुने सहकारी चालतील. स्टॅम्प पेपर किती रुपयांचा लागेल ते नोटरीला आधीच विचारून जा, नाहीतर दोन्ही साक्षीदारांना घेऊन दुसरी फेरी पडते.

मालमत्तेच्या मृत्युपत्रात हे घुसडू नका. ते माणूस गेल्यावर उघडतात.

मजकूर साधारण असा ठेवा: 'मी बरा होण्याची आशा नसलेल्या आजारात असेन आणि निर्णय घेण्याची क्षमता गमावली असेल, तर नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न व पाणी देणं सुरू करू नये, सुरू असल्यास थांबवावं. शिरेतून सलाइन व पोषणही देऊ नये. गिळता येत असेल तोवर चमच्याने, मला हवं तेवढंच भरवावं. वेदना आणि धाप यांवरची औषधं थांबवू नयेत.' पक्षाघातासारख्या आजारात माणूस सुधारू शकतो, म्हणून पुढे जोडा: 'सुधारणेची शक्यता असल्यास नळी सहा आठवडे चालू द्यावी, त्यानंतर डॉक्टरांनी पुन्हा आढावा घ्यावा.' आठवडे किती ते तुम्ही ठरवा, पण आकडा घाला. 'योग्य वाटल्यास', 'शक्य तितकं' असले शब्द टाळा. मजकूर संदिग्ध असेल तर निर्णय घेणारं डॉक्टरांचं वैद्यकीय मंडळ तो अमलात आणत नाही.

वाढलेल्या डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) नळीमुळे आयुष्य वाढतं किंवा अन्न फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया टळतो, याला आधार नाही. उलट रुग्ण नळी ओढतो म्हणून त्याचे हात बांधले जातात. घरात तसा आजार असेल तर 'वाढलेल्या डिमेन्शियात नळी घालू नये' ही ओळ आधीच लिहा.

तुमच्या वतीने बोलणारी माणसं दोन तरी नेमा, आणि क्रम द्या. मुलगा न्यूजर्सीत आणि भाचा डोंबिवलीत असेल तर पहिला कोण, फोन लागला नाही तर कोण, हे स्पष्ट हवं. नेमण्याआधी त्यांना समोर बसवून विचारा. ज्याला नळी काढायचा विचारच सहन होत नाही, त्याच्यावर हे ओझं टाकू नये.

एक प्रत या माणसांना, एक फॅमिली डॉक्टरांना आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या; मुंबईत हे काम वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. पोच घ्या. गोव्यात मे 2024 अखेर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, तेव्हा तिथे अंमलबजावणी सुरू झाली.

वेळ आली की रुग्णालय पहिलं मंडळ नेमतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि वेगळे दोन तज्ज्ञ असतात. दोघांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. दोघांचं जुळलं की मॅजिस्ट्रेटला कळवून मगच अंमल. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. गाडी अडते ती छोट्या नर्सिंग होममध्ये. एवढे तज्ज्ञ तिथे नसतात, मग 'घरी घेऊन जा' म्हणत डामावर (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर) सही घेतली जाते आणि रुग्ण मॉर्फीनशिवाय घरी येतो. ती सही करण्याआधी पॅलिएटिव्ह केअरची (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेची) सोय असलेलं रुग्णालय शोधा.

नळी थांबवल्यावर मृत्यू बहुधा एक ते दोन आठवड्यांत येतो. पोटातली नळी काढावी लागत नाही, झाकण लावून बंद ठेवतात. फिट्सची औषधं नळीतून जात असतील तर ती दुसऱ्या मार्गाने द्यायची सोय आधी करा, नाहीतर झटके येतात आणि घरचे घाबरून नळी परत घालायला लावतात. दर दोन तासांनी ओल्या गॉझने तोंड पुसा, ओठांना व्हॅसलीन लावा, कूस बदला. लघवी कमी होत जाणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तोंड कोरडं पडलेलं बघूनच माणसं कच खातात.

मत बदललं तर लेखी रद्द करता येतं, कधीही. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. मेडिक्लेमच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि त्याचा फोटो नेमलेल्या दोघांच्या फोनमध्ये असू द्या.