मेंदूतील जनुकांचे सहअभिव्यक्ती-जाळे घरच्या लॅपटॉपवर कसे बांधावे

सहअभिव्यक्ती-जाळे म्हणजे कोणत्या जनुकांची सक्रियता एकत्र कमी-जास्त होते, याचा नकाशा. या अभ्यासाला स्वतःची प्रयोगशाळा लागत नाही. सांगलीत घरी बसून साधा लॅपटॉप, आर ही संगणकीय भाषा आणि तिच्यातील डब्ल्यूजीसीएनए हे असे जाळे बांधणारे पॅकेज यांवर काम सुरू करता येते. मृत दात्यांच्या अवयवांत कोणते जनुक किती सक्रिय होते हे मोजणाऱ्या जीटेक्स प्रकल्पाचे आरएनए-मोजणीचे आकडे खुले आहेत. त्यांतून मेंदूचा एकच भाग, उदाहरणार्थ फ्रंटल कॉर्टेक्स, निवडावा.

खरे कष्ट जाळे बांधण्यापूर्वीचे असतात आणि नवखा अभ्यासक नेमकी तिथेच घाई करतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या पेठेतील कापड, किराणा, भांडी या सर्वांची विक्री एकदम थांबली, पण तेवढ्यावरून कापडाचा धंदा भांड्यांवर चालतो असे कोणी म्हणणार नाही. मरणोत्तर नमुन्यांतील आरएनएचा ऱ्हास हा असाच महापूर असतो. त्याने हजारो जनुकांचे आकडे एकत्र हलतात आणि नसलेला संबंध दिसू लागतो. म्हणून आरएनएची गुणवत्ता, मृत्यूनंतर गेलेला वेळ, वय, लिंग आणि प्रयोगाची तुकडी यांचा परिणाम रेषीय प्रतिगमनाने आधी वजा करावा. चेतापेशी व ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) यांच्या प्रमाणाचा प्रश्न मात्र अवघड आहे, कारण ते वजा करताना खरा जैविक बदलही वाहून जाऊ शकतो. विश्लेषण दोन्ही प्रकारे करावे, हे उत्तम.

पुढे जनुकांच्या जोड्यांमधील सहसंबंधांना घातांक द्यावा, म्हणजे दुबळे संबंध जवळजवळ पुसले जातात. चिन्हरहित (धन-ऋण असा भेद न करणाऱ्या) जाळ्यात ०.९ चा सहावा घात ०.५३ उरतो, तर ०.३ चा ०.००१ हूनही कमी. २०,००० जनुकांचा एकच तक्ता सुमारे ३.२ जीबी जागा घेतो, त्यामुळे गणना जनुकांचे भाग पाडून करावी. पॅकेज एकत्र हलणाऱ्या जनुकांचे गट पाडते आणि त्यांना रंगांची नावे देते. करड्या रंगाच्या गटात कुठेच न बसलेली जनुके जमतात. त्याचा अर्थ लावत बसू नये.

जीटेक्समधील दाते मनोविकारांसाठी निवडलेले नाहीत. म्हणून स्किझोफ्रेनियासारख्या विकाराच्या जीनोमव्यापी अभ्यासांचे (कोणत्या जनुकीय खुणा विकाराशी निगडित आहेत हे शोधणाऱ्या) सारांश-निकाल घेऊन, प्रत्येक गटात आनुवंशिक धोक्याची खूण आहे का, हे मॅग्मा या साधनाने तपासावे. सहाव्या गुणसूत्रावरील एमएचसी या प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या भागात जनुकीय खुणा दूरवर एकमेकींना बांधलेल्या असतात, तेव्हा तो वगळावा. जितके गट तपासले, तितकी सांख्यिकीय दुरुस्तीही करावी.

आनुवंशिक धोका तपासण्याची ही पायरी का गाळू नये, हे २०११ मधील स्वमग्नतेच्या अभ्यासावरून कळते. त्यात चेतासंधींशी निगडित गट मंदावलेला, तर प्रतिकारशक्ती व ग्लियाचा गट वाढलेला आढळला. आनुवंशिक धोक्याची खूण मात्र पहिल्यातच सापडली. दुसरा गट हा विकाराचा किंवा परिस्थितीचा परिणाम असू शकतो, त्यामुळे अशा गटाविषयी अहवालात ‘कारणीभूत’ हा शब्द वापरू नये.